रावजीचं नाव आलं नाही

रावजीच्या खिशातला मोबाइल थरथरला तेव्हा त्याचे दोन्ही हात मांडवात होते. डाव्या चिमटीत द्राक्षाचा घड, उजव्या हातात विरळणीची कात्री, मान मागं टाकलेली. कापलेले हिरवे मणी कपाळावर, गालावर टपटपत होते. हात एकदा खाली घेतला की पुन्हा वर न्यायला खांदा कुरकुरतो, म्हणून त्यानं मोबाइल थरथरू दिला. तो थांबला. लगेच पुन्हा थरथरला. पुन्हा थांबला, पुन्हा थरथरला. सदऱ्यात भुंगा शिरावा तसं झालं.

"बा, कोण एवढं हाका मारतंय?" शेजारच्या ओळीतून त्याची पोरगी संध्या म्हणाली.

"तूच बघ. माझे हात चिकट झालेत."

संध्या यंदाच बारावी झाली होती आणि पहिल्यांदाच टोळीबरोबर निफाडकडं आली होती. तिनं ओढणीला हात पुसले, बापाच्या खिशातून मोबाइल काढला.

"हाका नाय, मेसेज हायेत. कंपनीचे. अजून येतायत."

कंपनी म्हणजे धनराजशेठची द्राक्षं परदेशी पाठवणारी. बाग शेठची, टोळी रावजीची. पेठकडच्या पाड्यावरून रावजी दर हिवाळ्यात माणसं घेऊन यायचा. भात झोडून घरात पडलं की टोळी निघायची आणि बागेच्या कडेला ताडपत्रीची पालं ठोकून राहायची. नवी फूट काढायची, घड औषधात बुडवायचे, मग विरळणी, म्हणजे घडातले दाट मणी कात्रीनं काढून बाकीच्यांना फुगायला जागा करायची. माल परदेशी जायचा तर बागेत राबणाऱ्या प्रत्येक माणसाचा कागद लागतो, असं कंपनीचं म्हणणं. म्हणून यंदा सुरुवातीलाच सगळ्यांची आधार कार्डं, बँकेची पुस्तकं रावजीनंच गोळा करून झेरॉक्स काढून कंपनीत पोचवली होती.

"वाच की," पुढच्या ओळीतून ठमाबाईचा आवाज आला.

ठमाबाई रावजीच्या चुलत भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती. विरळणीत तिचा हात टोळीत सगळ्यात जलद. ती ज्या ओळीला लागे तिच्यामागं बाकीच्या बाया लागत. रावजी मुकादम होता खरा, पण टोळी उठायची ती ठमाबाई उठली की.

संध्यानं वाचलं. "प्रिय ठमाबाई. आमच्या संगणक प्रणालीत अनधिकृत शिरकाव झाल्याचे आढळले आहे. आपले नाव, पत्ता, आधार क्रमांक व बँक खात्याची माहिती इतरांच्या हाती गेली असण्याची शक्यता आहे. कृपया सावध राहावे."

"माझं नाव घेतलं?"

"हां काकी. तुमचंच."

"कुणाच्या हाती गेली म्हणतो?"

"ते नाय लिहिलं."

दुसरा मेसेज सहादूचा होता. तिसरा सहादूच्या बायकोचा. मग राजूचा, मग चिमाजीचा. मजकूर तोच, नाव तेवढं वेगळं. माणसं मांडवाखालून वाकत वाकत जमा झाली. एकेकाचं नाव आलं की तो माणूस हातातली कात्री मिटायचा.

सगळ्यांचे मेसेज एकाच मोबाइलवर येण्याचं कारण साधं होतं. पाड्यावर रेंज नाही. टेकाडावर चढलं तर एखादी काडी दिसते. कुणाचं सिम रिचार्ज नाही म्हणून बंद पडतं, मग तो नवा नंबर घेतो, जुना विसरतो. रावजीचा नंबर मात्र इतकी वर्षं तोच. रेशनला, बँकेत, दवाखान्यात, कुठंही नंबर विचारला की पाड्यावरची माणसं म्हणायची, रावजीचा घाला. कंपनीच्या कागदावरही तोच घातला होता. त्यात कुणाला वावगं वाटलं नव्हतं.

शेवटचा मेसेज रावजीच्या बायकोचा, भागीबाईचा आला. त्याच्या आधी संध्याचाही येऊन गेला होता. मग मोबाइल गप्प झाला.

"आणि रावजीचा?" सहादूनं विचारलं. सहादू रावजीहून दोन-चार पावसाळे थोरला. दोघांच्या शेताला एकच बांध.

संध्यानं मोबाइलचा पडदा बोटानं वर सरकवला, खाली सरकवला.

"बाचा नाय आला."

"येईल मागनं," रावजी म्हणाला आणि पुन्हा मांडवात हात घातला.

मागनं काही आला नाही.

दुपारी धनराजशेठ बागेत आला. रावजीनं त्याला मोबाइल दाखवला. शेठनं चष्मा वर करून एक मेसेज वाचला आणि हसला.

"फ्रॉड आहे रे हा. डिलीट कर सगळे. मला रोज येतात असले. लॉटरी लागली म्हणतात, वीज तोडणार म्हणतात. कशाला हात लावू नको, बटण दाबू नको."

"पण नावं बरोबर हायेत, शेठ."

"नावं काय, कुठूनपण काढतात." शेठनं एक घड हातात घेऊन मणी चाचपला. "तू इकडं बघ. मणी ज्वारीएवढा झाला. वाटाण्याएवढा झाला की कात्री आत शिरत नाही, मग माल परदेशी न जाता लोकल बाजाराला जातो. या आठवड्यात हा प्लॉट झाला पाहिजे."

"होईल."

शेठचं उत्तर रावजीनं सांजेला टोळीला जसंच्या तसं सांगितलं. त्यानं बरं होण्याऐवजी बिघडलंच.

"खोटा मेसेज असंल तर खोटं पाठवणाऱ्याला आपली नावं कुणी दिली?" सहादू शेकोटीत काटकी सरकवत म्हणाला. "आणि खरा असंल तर मग आपलं गेलंच. दोन्हीकडनं एकच."

"कंपनीतनं गेलं असंल," रावजी म्हणाला.

"कंपनीत आपल्याला कोण वळखतं? कागद कुणी गोळा केले? झेरॉक्स कुणी काढली? मेसेज कुणाच्या मोबाइलवर आले?" सहादूनं रावजीकडं न बघता विचारलं. "सगळ्यांचं गेलं. एकाचं राहिलं. ते कसं राहिलं, एवढंच मी इचारतो."

भागीबाई पालातून ओरडली, "सहादूदादा, माझं बी गेलंय! माझं नाव बी हाय त्यात! माझा नवरा मलाच इकून खाईल का?"

"बायकोला इकणारे लय पाहिलेत," सहादू म्हणाला. दोघंतिघं हसले, पण ते हसणं काही बरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे थंडी इतकी पडली होती की ताडपत्रीवरचं दव गोठल्यासारखं कडक झालं होतं. निफाडची थंडी ती. बागायतदारांनी मांडवाच्या कडेनं शेकोट्या घातल्या होत्या आणि धूर जमिनीसरसा पसरला होता. भागीबाई विस्तव मागायला ठमाबाईच्या चुलीकडं गेली. रोज ज्याची चूल आधी पेटे त्याच्याकडून बाकीच्या बाया पेटतं लाकूड न्यायच्या. ठमाबाईनं लाकूड दिलं, पण हातात दिलं नाही. चुलीबाहेर काढून जमिनीवर ठेवलं. भागीबाईनं ते तसंच राहू दिलं आणि परत येऊन आगपेटीच्या सहा काड्या फुकट घालवल्या.

टोळी ओळीला लागली नाही. सगळी माणसं गोधड्या पांघरून बसून राहिली. रावजी कात्र्यांचं घमेलं घेऊन उभा राहिला.

"वहिनी, उठा. ऊन आलं."

"बस जरा," ठमाबाई म्हणाली. तिनं तंबाखू मळून तोंडात टाकली. "मी सरळ बोलते. तू आमचे कागद इकले असं मी म्हणत नाय. नाय इकले असं बी म्हणत नाय. मला ठावं नाय. पण मनात आलं ना, की ते कुजत राहतं. उद्या माझ्या खात्याचं काय झालं, सहादूच्या जमिनीचं काय झालं, तर प्रत्येक बारीला तुझं तोंड डोळ्यापुढं येईल. मग तुझ्यामागं टोळी कशी यायची?"

"मग काय करू?"

"घरी जाऊ. वाघदेवाच्या खांबाला हात लावून बोल, मी नाय केलं म्हणून. संपलं."

पाड्याच्या शिवेवर वाघदेवाचा लाकडी खांब होता. त्याला हात लावून जो बोलला त्याला नंतर कुणी काही विचारत नसे. खोटं बोलणाऱ्याच्या घरात पुढचा पावसाळा सरायच्या आत काहीतरी विपरीत घडतं, अशी सगळ्यांची खात्री होती. त्यामुळं आणखी पुरावा लागत नसे.

"विरळणी झाली की जाऊ," रावजी म्हणाला. "आत्ता गेलो तर शेठचा माल गेला. पुढच्या साली आपल्याला बागेत कोण उभं करील?"

"पुढच्या साली टोळी ऱ्हायली तर ना," सहादू म्हणाला.

"इथं मारुतीचं देऊळ हाय रस्त्याला," संध्या मध्येच म्हणाली. "बा तिथं बोलतील."

"तो इकडचा देव, पोरी," ठमाबाई म्हणाली. "त्याला आपलं काय ठावं?"

शेवटी रावजीनं एक दिवस मागितला. कंपनीत जाऊन विचारून येतो, तोवर हात चालू ठेवा, असं तो म्हणाला. ठमाबाईनं मान हलवली. टोळी ओळीला लागली, पण रोज जी गाणी-थट्टा चालायची ती नव्हती. नुसता कात्र्यांचा आवाज येत होता.

कंपनीचं पॅकहाऊस रस्त्याला लागून होतं. पांढरे पत्रे, पुढं मोठं लोखंडी फाटक. रावजी आणि संध्या रिक्षातून उतरून फाटकाशी गेले. वॉचमननं वही पुढं केली.

"नाव, गाव, मोबाइल नंबर लिहा. आधार दाखवा."

"आधार कशाला?"

"एन्ट्रीबिगर आत सोडत नाय."

"भाऊ, आधीच गेलंय ते इचारायला आलोय," रावजी म्हणाला. "त्याला अजून एकदा देऊ?"

वॉचमनला ते कळलं नाही. त्यानं भिंतीवरच्या कॅमेऱ्याच्या डोळ्यापुढं दोघांना उभं करून फोटो काढला आणि गळ्यात घालायला चिठ्ठ्या दिल्या. रावजीच्या सदऱ्यावर द्राक्षाच्या रसाचे काळपट डाग होते. त्यांच्यावर ती चिठ्ठी लोंबत राहिली.

आत ऑफिसात गारवा होता. तेजस्विनी नावाची मुलगी खुर्चीवर होती. नाशकातल्या इंदिरानगरमधून रोज ये-जा करायची. तिनं दोघांना बसायला सांगितलं. संध्या बसली. रावजी कपडे चिकट आहेत म्हणून उभाच राहिला.

"मेसेज खरा आहे, काका. आम्हीच पाठवलाय," ती म्हणाली.

"शेठ म्हणत होते खोटा हाय."

"कालपासून सगळे तेच म्हणतायत. पण खरा आहे. असं काही झालं की ज्यांची माहिती असते त्यांना कळवावं लागतं, तसा नियमच आहे."

"कुणी नेली?"

"ते माहीत नाही."

"कुठं नेली?"

"तेही नाही सांगता येणार."

"परत कधी येणार?"

"ती परत येत नाही, काका. वस्तू नाही ना ती. आमच्याकडंही आहे आणि त्यांच्याकडंही गेली."

"मग कळवलं कशाला?" रावजी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. "चोर गावला नाय, माल परत येत नाय. नुसतं घरात बसून धास्ती घ्यायची?"

"सावध राहायचं. कुणाचा फोन आला तर काही सांगायचं नाही."

मग रावजीनं ज्यासाठी आला होता ते विचारलं. "सगळ्या टोळीला मेसेज आले. मला का नाय आला?"

तिनं संगणकावर शोधलं. "तुमचं नाव मजुरांमध्ये नाहीच. तुम्ही मुकादम ना? तुमचे कागद धनराजशेठच्या फायलीत असतील. आमच्या यादीत नाहीत. तुमचं काही गेलेलं नाही, काका. तुम्ही सेफ आहात."

"हे तुम्ही माझ्या माणसांना येऊन सांगाल?"

"मला असं जाता नाही येत."

"कागदावर लिहून द्याल?"

तिनं साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, लेखी काही द्यायचं नाही. हे सांगताना तिचा चेहरा पडला.

रावजी दाराकडं निघाला. अर्ध्यावरून परत आला.

"मग माझं बी नाव त्यात घाला."

"कशात?"

"यादीत. मी बी विरळणी करतोच की. मी बी मजूरच. माझे कागद घ्या, आणि मला बी तसा मेसेज पाठवा."

"बा!" संध्या म्हणाली.

"काका, अहो लोक नाव काढा म्हणून भांडायला येतायत."

"त्यांची टोळी नसंल," रावजी म्हणाला.

तेजस्विनी हसली नाही. नाव घालता येईल, असं ती म्हणाली; तेवढं तिच्या हातात होतं. यादीत नाव आलं की तो मेसेज आपोआप जातो, माणूस नवीन असो की जुना. रावजीनं बंडीच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीतलं आधार कार्ड काढून दिलं. तिनं एकेक विचारत भरलं. गाव, वय, खातं.

"अपघात वगैरे झाला तर कुणाला कळवायचं? बायकोचं नाव घालू?"

"नको. ती घाबरी हाय. ठमाबाईचं घाला, माझी वहिनी. मला काय झालं-गेलं तर टोळी तिनंच घरी न्यायची."

संध्यानं बापाकडं पाहिलं. ठमाबाईनं लाकूड जमिनीवर ठेवल्याचं तिनं सकाळीच पाहिलं होतं.

परतीच्या रिक्षात रावजीचा मोबाइल थरथरला. संध्यानं वाचलं, "प्रिय रावजी." रावजीनं पुढचं ऐकलं नाही. त्यानं डोळे मिटले आणि रिक्षाच्या दांड्याला डोकं टेकवलं. दोन दिवस ताठलेला खांदा जरा सैल झाला.

"बा, हे खोटं हाय पण," संध्या हळूच म्हणाली.

"मेसेज तर कंपनीचाच हाय."

"मेसेज खरा. पण तुमचं गेलं नव्हतं."

रावजीनं डोळे उघडले नाहीत.

पालांशी येताच त्यानं मोबाइल सहादूच्या हातात दिला. सहादूला वाचता येत नव्हतं. त्यानं तो संध्याकडं दिला, आणि तिनं सगळ्यांपुढं वाचला. माणसांनी एकमेकांकडं बघितलं. राजू म्हणाला, "म्हणजे रावजीमामाचं बी गेलं." कुणीतरी सुस्कारा टाकला. भागीबाईनं लगेच पदर खोचून चहाचं पातेलं चुलीवर ठेवलं आणि सगळ्यांना पुरेल एवढी साखर टाकली.

ठमाबाईनं मात्र विचारलं, "आमचे काल आले. तुझा आज का आला?"

आता 'मागनं आला' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तो शब्द रावजीच्या तोंडापर्यंत आला होता. पण ठमाबाई त्याच्याकडं नुसती बघत होती. घड छाटायच्या आधी कुठला मणी काढायचा नि कुठला ठेवायचा हे ती जशी बघायची, तशी.

"मी घालून घेतला," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"माझं नाव त्यांच्यात नव्हतंच. मुकादमाचे कागद शेठकडं असतात. म्हणून माझं गेलं नाय. आज मी माझे कागद दिले आणि म्हटलं, मला बी मेसेज पाठवा. मग आला."

चुलीवर चहा उतू गेला तो भागीबाईनंही बघितला नाही.

सहादू उठला. "बघा. आज खोटा मेसेज आणून दाखवला. काल काय काय केलं असंल?" त्यानं धोतर झटकलं. "मी नाय आता थांबत. पाड्यावरच्या जीपवाल्याला फोन लावा."

"त्याच्याच मोबाइलवरून लावायचा ना," चिमाजी म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

ठमाबाईनं रावजीपुढं हात केला. "मोबाइल दे. आजपासनं माझ्यापाशी ऱ्हाऊ दे."

रावजीनं दिला. तिनं तो कमरेच्या पिशवीत, तंबाखूच्या डबीशेजारी घातला.

जीपवाला लग्नाच्या भाड्यात होता. परवा सकाळी येतो म्हणाला. मधला दिवस टोळी बसून राहिली नाही. धरलेली ओळ अर्धी टाकून जायचं नाही, असं ठमाबाई म्हणाली, म्हणून धरलेल्या ओळी पुऱ्या केल्या. नवी धरली नाही. धनराजशेठ आला, ओरडला, हात जोडले, पुन्हा ओरडला. "तुझ्या भरवशावर मी दुसरी टोळी नाही बघितली, रावजी. आता आयत्या वेळी कुठून आणू?" रावजी खाली मान घालून ऐकत होता. सगळ्या टोळीपुढं शेठनं त्याला बिनकण्याचा म्हटलं. तेही त्यानं ऐकून घेतलं आणि उरलेल्या घडांकडं गेला. धरलेल्या ओळी उरकून बाकीची माणसं पालांत बसली, तेव्हा तो, भागीबाई आणि संध्या तिघंच एका नव्या ओळीत विरळणी करत राहिले. तिघांनी अंधार पडेपर्यंत जेवढं केलं तेवढं टोळी न्याहारीआधी करायची.

जीप आली त्या सकाळी धूर आणि धुकं एकच झालं होतं. माणसांनी गोधड्या, भांडी, ताडपत्र्या टपावर बांधल्या. ठमाबाईच्या कमरेच्या पिशवीत मोबाइल वाजायला लागला. तिनं तो काढला, उलटसुलट केला आणि संध्याला म्हणाली, "मोठ्यानं लाव."

संध्यानं स्पीकर लावला. पलीकडून घाईत असलेल्या माणसाचा आवाज आला. स्वच्छ शहरी बोलणं.

"रावजी बोलतायत का?"

"रावजीचाच फोन हाय. बोल," ठमाबाई म्हणाली.

"मी सिव्हिल हॉस्पिटलमधून बोलतोय. ठमाबाई तुमच्या नात्यातल्या ना? त्यांचा अ‍ॅक्सिडेंट झालाय. ताबडतोब ऑपरेशन करावं लागणार आहे."

जीपच्या टपावर दोर ओढणारा राजू तसाच थांबला. ठमाबाईनं सगळ्यांकडं एकदा बघितलं.

"अग्गो," ती म्हणाली. "लय लागलंय का तिला?"

"डोक्याला मार आहे. शुद्ध नाही. बेशुद्धीतसुद्धा तुमचं नाव घेतायत."

"बेसुद पडून नाव घेते?"

"म्हणजे मधेमधे शुद्धीवर येतात. हे बघा, वेळ नाही. आधी पैसे भरावे लागतील. तुमच्या मोबाइलवर एक नंबर येईल तो मला सांगा."

"तंबाखू खाती का रे ती अजून?"

"काय?"

"ठमाबाई. तिला तंबाखू लागती. कुणी नाय दिली तर शिव्या घालती. तुला घातल्या का नाय?"

पलीकडून फोन कट झाला. सगळ्यात आधी भागीबाई हसली. तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग चिमाजी, मग जीपवाला, ज्याला काहीच माहीत नव्हतं तोही. सहादूची बायको ठमाबाईच्या डोक्याला हात लावून म्हणाली, "बघू कुठं फुटलंय."

हसणं ओसरलं तशी ठमाबाई रावजीकडं वळली. "माझं नाव ह्याच्या तोंडी कसं? फोन तुझ्या नावानं, आणि दवाखान्यात मी. बायको सोडून वहिनी कशी काय धरली त्यानं?"

संध्या पुढं झाली. "काकी, परवा कंपनीत बाचे कागद भरले ना, तेव्हा इचारलं, काय झालं तर कुणाला कळवायचं. बा म्हणाले, ठमाबाईला. आईचं नको, ठमाबाईचं घाला. हे मी, बा आणि ती बाई, तिघांनाच ठावं. मी तर कुणाला बोलले नाय. बाचा मोबाइल तुमच्यापाशी होता."

ठमाबाईनं कमरेच्या पिशवीवर हात ठेवला.

"म्हणजे तिथनंच गळतंय," राजू टपावरून म्हणाला.

"गळत होतं नाय," संध्या म्हणाली. "अजून गळतंय."

सगळ्यांनी सहादूकडं बघितलं. सहादू जीपच्या मागच्या चाकाकडं बघत होता. मग त्यानं टपावर हात लांब करून स्वतःचं बोचकं खाली ओढलं. दोर बांधलेला होता म्हणून ते अडकलं. त्यानं पुन्हा हिसका दिला.

"सोड की रं तो दोर," तो राजूवर ओरडला. "बघत काय बसला?"

एवढंच. रावजीची माफी त्यानं मागितली नाही आणि रावजीलाही ती नको होती. जीपवाल्याला चहा आणि येण्या-जाण्याचं भाडं देऊन परत पाठवलं. त्या दिवशी टोळी अंधार पडेपर्यंत मांडवात राहिली. शेवटच्या दोन ओळींत मणी फुगले होते. कात्री आत जाईना, म्हणून बायांनी नखांनी काढले. थोडा माल लोकलला गेलाच. शेठनं त्याचा तोटा रावजीच्या नावावर धरला.

विरळणी संपता संपता कंपनीचा माणूस बागेत आला. काखेत पाटीएवढं मशीन. नवीन सिस्टीम आली आहे, जुनं सगळं बंद, प्रत्येकाचे कागद पुन्हा घ्यायचे, फोटो काढायचा, असं त्यानं सांगितलं. टोळी मांडवाखाली गोळा झाली.

"पुन्हा?" सहादू म्हणाला. "एकदा सांडलं ते भरलं का तुमचं?"

"आता एकदम सुरक्षित आहे, बाबा."

"मागं बी असंच म्हणले व्हते."

"नाही दिले तर?" रावजीनं विचारलं.

"तर या बागेत काम करता येणार नाही. माल एक्सपोर्टचा आहे."

सगळी माणसं रावजीकडं बघू लागली. पेठला परत जावं तर पाड्यावर उन्हाळाभर काम नाही, हे कुणाला सांगायची गरज नव्हती.

"द्यायचं का नाय ते ज्याचं त्यानं ठरवा," रावजी म्हणाला. "कुणी नाय दिलं तरी मी त्याला टोळीतनं काढणार नाय. दुसरी साधी बाग बघू. माझं काय, माझं तर गेलंच हाय." तो मशीनपुढं जाऊन उभा राहिला. "घे."

"तुम्ही मुकादम ना? तुमचं नाही लागत."

"घे म्हटलं ना."

त्याचा फोटो निघाला. मागं कुणी येतं का हे बघायला तो वळला नाही. पण पाठीमागं पावलं वाजली. ठमाबाई होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मशीनकडं रोखून बघितलं. त्या माणसानं तिचं आधार कार्ड टिपलं.

"मोबाइल नंबर?"

ठमाबाईनं हनुवटीनं रावजीकडं दाखवलं. "त्याचाच."

"आजी, आता तसं चालत नाही. एका नंबरवर एकच माणूस. तुमचा स्वतःचा सांगा."

"हाच माझा."

"तुमच्याकडं दुसरा असेल ना? मुलाचा, पुतण्याचा?"

"असंल," ठमाबाई म्हणाली, "पण मी हाच देणार."

मागं सहादू उभा होता. त्याच्या मागं राजू, चिमाजी, बाया. त्या माणसानं रावजीचा नंबर पुन्हा घातला. मशीननं लाल खूण दाखवली. त्यानं पुन्हा घातला. ठमाबाई जागची हलली नाही, आणि तिच्या मागची रांगही.